एक्का-बादशहा कधी टाकायचा: टूर्नामेंट पोकर अभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आजपासून हे काम रीतसर सुरू करतोय. प्रश्न एकच आहे: नो-लिमिट होल्डेमच्या टूर्नामेंटमध्ये हातात भारी पत्ते असताना, समोरून ऑल-इन आल्यावर, म्हणजे समोरच्याने सगळ्या चिप्स लावल्यावर, ते पत्ते फ्लॉपच्या (टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांच्या) आधीच टाकणे, म्हणजे डाव सोडणे, कधी बरोबर ठरते?

आमच्या अभ्यासगटात या प्रश्नावर दरवेळी दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे की एक्का-बादशहा किंवा राण्यांची जोडी रोज येत नाही, आली की खेळायची. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की बबल, म्हणजे बक्षिसे सुरू होण्याच्या अगदी आधीचा टप्पा, जवळ आला की सगळे टाकायचे आणि बक्षिसाच्या यादीत शिरायचे. दोन्ही बाजू आकडे न मांडता बोलतात, आणि बहुतेक वेळा आपापल्या शेवटच्या वाईट अनुभवावरून बोलतात. मला हा निर्णय हिशेबावर आणायचा आहे. शेवटी एक तक्ता हवा, ज्यात परिस्थिती भरली की किती टक्के जिंकण्याची शक्यता असल्याशिवाय कॉल करू नये, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावू नयेत, ते कळेल.

मर्यादा आधीच आखून घेतो. फ्लॉपनंतरचा खेळ यात नाही. कॅश गेम नाही. फक्त ऑल-इनला कॉल की फोल्ड (पत्ते टाकणे), एवढेच. प्रश्न लहान ठेवला तरच उत्तराच्या खोलात जाता येईल.

७ जानेवारी

पायाभरणी. दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. रंगांचा फरक गाळला की वेगळे असे हात १६९ उरतात. प्रत्येक जोडपत्त्याच्या ६ तऱ्हा, एक्का-बादशहा सूटेडच्या (दोन्ही एकाच रंगाचे, जसे बदाम-बदाम) ४, ऑफसूटच्या (वेगळ्या रंगांचे) १२. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते.

समोरच्याकडे काहीही असू शकते असे धरले, तर ऑल-इनमध्ये कुणाचा वाटा किती ते आधी लिहून ठेवतो, कारण पुढे सारखे लागणार आहे. एक्के ८५.२ टक्के, बादशहा ८२.४, राण्या ७९.९, गुलाम ७७.५, दश्श्या ७५.०, नव्व्या ७२.१, अठ्ठ्या ६९.२. आणि ज्याच्यावर सर्वांत जास्त वाद होतो तो एक्का-बादशहा: सूटेड ६७.०, ऑफसूट ६५.३. सत्ती-दुर्री ऑफसूटसुद्धा ३४.६ टक्के वेळा जिंकते, हे विसरायचे नाही.

हे आकडे पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. एक्का-बादशहा ‘भारी’ असला तरी कोऱ्या पत्त्यांसमोर, म्हणजे समोर काहीही असू शकते तेव्हा, अठ्ठ्यांच्या जोडीपेक्षा मागे आहे. त्याचे खरे बळ दुसरीकडे आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहीन.

बादशहांची जोडी हातात असताना ‘समोर एक्के असतील’ ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. हिशेब असा: माझ्या दोन पत्त्यांनंतर ५० उरतात, त्यांच्या १,२२५ जोड्या, त्यांपैकी एक्क्यांच्या ६. समोर एकच खेळाडू असेल तर शक्यता अर्ध्या टक्क्याच्या आतली. नऊ जणांच्या टेबलावर उरलेल्या आठांपैकी कुणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता ३.९ टक्के. नुसत्या भीतीपोटी बादशहा टाकायला या आकड्यात जागा नाही. टाकायचेच असतील तर दुसरे कारण हवे.

११ जानेवारी

ते दुसरे कारण म्हणजे चिप्सची किंमत. कॅश गेममध्ये चिप म्हणजे सरळ पैसा. टूर्नामेंटमध्ये तसे नसते, कारण सगळ्या चिप्स जिंकणाऱ्यालाही सगळे बक्षीस मिळत नाही, आणि शेवटची चिप गेली की खेळच संपतो. त्यामुळे जिंकलेल्या हजार चिप्सची किंमत हरलेल्या हजार चिप्सपेक्षा कमी भरते.

हे मोजण्याची रूढ पद्धत आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल. तिच्या मुळाशी असलेले सूत्र डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीतील क्रमांकांसाठी मांडले होते. मेसन मालमुथ यांनी पुढे तोच विचार टूर्नामेंटच्या चिप्सना लावला, म्हणून तिला मालमुथ-हार्विल असेही म्हणतात. रीत साधी आहे. पहिला येण्याची शक्यता तुमच्या चिप्सच्या प्रमाणात. पहिला कोण ते ठरले की त्याला बाजूला काढायचे, उरलेल्यांत पुन्हा चिप्सच्या प्रमाणात दुसरा, मग तिसरा. प्रत्येक क्रमांकाची शक्यता गुणिले त्या क्रमांकाचे बक्षीस, आणि सगळ्यांची बेरीज, म्हणजे तुमचा हिस्सा.

प्रोग्राम लिहून झाला. दोन चाचण्या लावल्या. दोघेच उरले असताना उत्तर चिप्सच्या साध्या हिशेबाशी तंतोतंत जुळायला हवे, कारण तेव्हा दोघांचेही दुसरे बक्षीस पक्के असते आणि फक्त फरकासाठी लढत असते. जुळले. दुसरी चाचणी: चौघांकडे सारख्या चिप्स, बक्षिसे ५०, ३० आणि २०, चौथ्याला काही नाही. प्रत्येकाचा हिस्सा २५ यायला हवा. आला.

१२ जानेवारी

चौघांच्या सारख्या स्टॅकवरच (चिप्सच्या साठ्यावरच) थोडे थांबलो. ब्लाइंड, म्हणजे दर डावाला दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या चिप्स, बाजूला ठेवले आणि एकाने ऑल-इन केले, तर कॉल करून जिंकणाऱ्याकडे अर्ध्या चिप्स येतात, पण त्याचा हिस्सा २५ वरून ५० होत नाही, ३८.३ होतो. हरलो तर शून्य. म्हणजे कॉलला २५ भागिले ३८.३, जवळपास ६५.२ टक्के लागतात.

समोरचा कोणत्याही पत्त्यांवर ऑल-इन करतो आहे असे धरले तरी एक्का-बादशहा ऑफसूटचे ६५.३ टक्के आहेत. म्हणजे सर्वांत ढिल्या प्रतिस्पर्ध्यासमोरही हा हात जेमतेम काठावर. समोरचा जरा जरी निवडून खेळत असेल तर फोल्ड. गटात हा एवढाच आकडा दाखवला तरी पुष्कळ बोलणे होईल.

१८ जानेवारी

आता खरा डाव. सारखे स्टॅक क्वचितच असतात, म्हणून अशी मांडणी घेतली: चौघे उरलेत, तिघांना बक्षीस, ५०-३०-२०. मी अ, माझ्याकडे ३,०००. ब कडे ४,०००, क कडे २,०००, ड कडे १,०००. ब्लाइंड १०० आणि २००. ड बटनवर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागी), ब स्मॉल ब्लाइंडवर (१००), मी बिग ब्लाइंडवर (२००). क आणि ड यांनी पत्ते टाकले. ब ने ऑल-इन केले.

आधी चिप्सचा हिशेब. मला आणखी २,८०० घालायचे आहेत, एकूण पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, होईल ६,०००. म्हणजे ४६.७ टक्के जिंकण्याची शक्यता असली की कॉल. कॅश गेममध्ये इथे प्रश्नच नसता, एक्का-बादशहा काय, त्याहून बरेच हलके पत्तेही कॉल झाले असते.

आता बक्षिसाचा हिशेब. फोल्ड केले तर माझ्याकडे २,८०० उरतात आणि हिस्सा २८.५६. कॉल करून जिंकलो तर माझे ६,०००, ब चे १,०००, आणि माझा हिस्सा ४०.४५. हरलो तर मी चौथा, हातात काही नाही. २८.५६ भागिले ४०.४५, म्हणजे ७०.६ टक्के लागतात.

४६.७ आणि ७०.६. या दोन आकड्यांमधले अंतर हाच या प्रकल्पाचा विषय आहे. मी जिंकलो तर ११.९ मिळतात, हरलो तर २८.६ जातात. स्टॅक दुप्पट होतो, पण हिस्सा दीडपटीच्याही थोडा आत राहतो.

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब कोणत्याही दोन पत्त्यांवर ऑल-इन करतोय हे मला नक्की माहीत आहे, अगदी त्याने पत्ते न बघता चिप्स ढकलल्या, असे समजू. तरीही ७०.६ च्या वर फक्त नव्व्या आणि त्याहून मोठ्या जोड्या आहेत. एक्का-बादशहा सूटेड ६७.० वर थांबतो. फोल्ड. अठ्ठ्या ६९.२, फोल्ड. कॉल करण्याजोगे हात ३६ तऱ्हांचे, १,३२६ पैकी, म्हणजे २.७ टक्के.

ब च्या बाजूने पाहिले तर त्याला १०० पैकी ९७ वेळा माझे ब्लाइंड फुकट मिळणार. बबलवर मोठ्या स्टॅकचा खेळाडू दर डावाला का ढकलतो याचे उत्तर इथे आहे. त्याचा उद्धटपणा म्हणून चिडून कॉल करणाऱ्यांचे नुकसान त्याच्या एकट्याच्या खिशात जात नाही. माझी ब शी टक्कर झाली की सर्वांत जास्त फायदा क आणि ड यांचा, जे पत्ते टाकून नुसते बघत बसलेत.

१९ जानेवारी

तोच डाव, तीच खुर्ची, फक्त ऑल-इन करणारा बदलला. क ने टाकले, बटनवरून ड ने १,००० ढकलले, ब ने टाकले. मला आणखी ८०० घालायचे आहेत, पॉट २,१००. चिप्सच्या हिशेबाने ३८.१ टक्के.

फोल्ड केले तर माझा हिस्सा २७.९७. जिंकलो तर ड बाहेर, तिघेच उरतात, सगळ्यांना बक्षीस, माझा हिस्सा ३५.९५. हरलो तरी माझ्याकडे २,००० आहेत, हिस्सा २२.२३. लागणारी शक्यता ४१.९ टक्के.

काल ७०.६, आज ४१.९. माझे पत्ते बदललेले नाहीत, बक्षिसे बदललेली नाहीत, ब्लाइंड तेच. बदलले ते एवढेच की हा माणूस मला बाहेर काढू शकत नाही. काल जो एक्का-बादशहा टाकायचा होता, तो आज क्षणभरही न थांबता कॉल करायचा. ‘बबलवर घट्ट खेळा’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. कुणासमोर घट्ट, हे सांगितल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

तक्त्यात त्यामुळे पहिला रकाना पत्त्यांचा नसेल. पहिला रकाना: ऑल-इन करणाऱ्याकडे माझ्यापेक्षा जास्त चिप्स आहेत की कमी. पत्ते सर्वांत शेवटच्या रकान्यात.

२५ जानेवारी

रेंज, म्हणजे समोरच्याकडे असू शकणाऱ्या हातांचा संच. आतापर्यंत समोरच्याला ‘कोणतेही पत्ते’ दिले होते. खेळात तसे नसते.

१८ तारखेच्या डावात ब अगदी निवडून खेळणारा आहे असे धरले: फक्त गुलामांपासून वरच्या जोड्या आणि एक्का-बादशहा. माझ्याकडे बादशहांची जोडी. माझ्या हातात दोन बादशहा असल्याने त्याच्या तऱ्हा अशा उरतात: एक्के ६, बादशहा १, राण्या ६, गुलाम ६, एक्का-बादशहा ८. एकूण २७. एक्क्यांसमोर मला १८ टक्के, राण्या-गुलामांसमोर ८१-८२, एक्का-बादशहासमोर ६९ च्या आसपास. सरासरी साधारण ६२ टक्के.

७०.६ लागतात. म्हणजे या रेंजसमोर बादशहांची जोडीसुद्धा फोल्ड.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी आकडेमोड पुन्हा हाताने करून पाहिली, कारण गटात ते सहज मानले जाणार नाही. उत्तर तेच आहे. एक्के मात्र या रेंजसमोर ८३ टक्क्यांच्या घरात जातात, ते कॉल. राण्यांना त्याच रेंजसमोर ४७ टक्के: एक्के ६, बादशहा ६, राण्या १, गुलाम ६ आणि एक्का-बादशहाच्या पूर्ण १६ तऱ्हा, कारण राण्या हातात असल्याने त्यांतली एकही कमी होत नाही. बादशहा आणि राण्या यांच्यात एका पायरीचा फरक वाटतो, पण बादशहा हातात असला की समोरच्या एक्का-बादशहाच्या निम्म्या तऱ्हा नाहीशा होतात. हा ब्लॉकरचा परिणाम लोक फार कमी लेखतात.

पण सावधपणे वापरायची गोष्ट आहे ही. बबलवर चार हजारांचा धनी असलेला ब इतका घट्ट खेळण्याची शक्यता फारच कमी, त्याला तर ढकलण्यातच फायदा आहे. सहसा न खेळणारा एखादा खेळाडू बटनच्या उजवीकडून, लहान स्टॅकवाल्यांची पाळी अजून यायची असताना, अचानक ऑल-इन करत असेल तर वेगळे. बादशहा टाकायचे तर समोरच्याची रेंज इतकी अरुंद असल्याचा पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे आज त्या माणसाने किती वेळा चिप्स ढकलल्या आणि कोणते पत्ते दाखवले. ‘मला वाटलं’ हा पुरावा नाही.

२६ जानेवारी

बरोबरीचा हिशेब वेगळा करावा लागला. पत्त्यांच्या टक्केवारीत बरोबरी अर्धी जिंकली, अर्धी हरली अशी धरतात. चिप्सपुरते ते ठीक. बक्षिसाच्या हिशेबात नाही. १८ तारखेच्या डावात बरोबरी झाली तर मला माझे ३,००० परत मिळतात आणि हिस्सा २९.४९ राहतो. अर्धा विजय धरला असता तर २०.२३ आला असता. फरक बराच मोठा आहे. समोरच्याच्या अरुंद रेंजमध्ये एक्का-बादशहा असेल आणि माझ्याकडेही तोच असेल, तर बहुतेक वेळा बरोबरी होते, म्हणून तिथे हा बदल जाणवतो. कोऱ्या रेंजसमोर जवळजवळ नाही.

एक्क्यांसमोर एक्के आले तर ९५.७ टक्के वेळा बरोबरी, आणि दोघांनाही २.२ टक्के वेळा फ्लशने पूर्ण विजय. २०१४ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये, दहा लाख डॉलर प्रवेशशुल्काच्या स्पर्धेत, कॉनर ड्रिनन याच २.२ टक्क्यांत बाहेर पडले. समोर कॅरी कॅट्झ यांच्याकडेही एक्के होते, टेबलावर चार बदाम उघडले आणि बदामाचा एक्का कॅट्झ यांच्या हातात होता. म्हणून प्रोग्राममध्ये आता विजय, बरोबरी आणि हार अशा तीन शक्यता स्वतंत्र ठेवल्या आहेत.

१ फेब्रुवारी

एक्का-बादशहाचे बळ कुठे आहे ते आज मांडतो. १८ तारखेला ब समोर फोल्ड केले, असे धरू. स्टॅक आता: मी २,८००, ब ४,२००, क २,०००, ड १,०००. पुढच्या डावात बटन ब कडे, मी स्मॉल ब्लाइंडवर, क बिग ब्लाइंडवर. ड आणि ब यांनी टाकले. माझ्याकडे एक्का-बादशहा. या वेळी मी ढकलतो.

क च्या जागी बसून पाहू. त्याने टाकले तर त्याचा हिस्सा २२.२८. कॉल करून जिंकला तर ३४.७३. त्याला ६४.२ टक्के लागतात, चिप्सच्या हिशेबाने ४५ पुरले असते. मागच्या डावात जो दबाव माझ्यावर होता तोच या डावात त्याच्यावर आहे. तो पुष्कळ चांगले पत्ते टाकणार, आणि त्याने कॉल केलाच तर माझ्या हातात कोऱ्या पत्त्यांतला उत्तम बिनजोडीचा हात आहे. शिवाय एक एक्का आणि एक बादशहा माझ्याकडे असल्याने त्याच्याकडे एक्क्यांच्या आणि बादशहांच्या जोड्या असण्याच्या तऱ्हा ६ वरून ३ वर आल्या आहेत.

म्हणजे भारी पत्ते टाकणे म्हणजे घाबरून बसणे नव्हे. तोच हात कॉलसाठी महाग आणि ढकलण्यासाठी उत्तम असू शकतो. पहिला ऑल-इन करणाऱ्याला दोन मार्गांनी जिंकता येते, कॉल करणाऱ्याला एकाच मार्गाने. गटातल्या ‘सगळे टाका’ म्हणणाऱ्यांना ही नोंद आधी वाचायला देणार आहे. बबलवर सगळे टाकणारा खेळाडू बक्षिसाच्या यादीत शिरतो खरा, पण शिरतो तो सर्वांत लहान स्टॅक घेऊन.

८ फेब्रुवारी

सुरुवातीच्या फेऱ्या. बक्षिसे लांब असताना आयसीएमचा दाब फार कमी असतो, तेव्हा फोल्डचे कारण फक्त रेंज आणि पॉटमधला भाव (किती घालून किती मिळते).

राण्या, समोर तीच घट्ट रेंज, ४७ टक्के. मी अडीच बिग ब्लाइंडने सुरुवात केली आणि त्याने थेट १०० बिग ब्लाइंड ढकलले, तर ९७.५ घालून २०१.५ चा पॉट, ४८.४ टक्के लागतात. थोडक्यात फोल्ड. पण दोघांनी एकमेकांवर वाढवत नेले आणि माझे २५ आधीच आत आहेत, तर ७५ घालायचे, ३७.२ टक्के पुरतात. कॉल. हात तोच, रेंज तीच. म्हणून राण्या टाकायच्या असतील तर तो विचार २५ घालण्याआधी करायचा, नंतर नाही. या टप्प्यावर बादशहा टाकण्यासाठी मला अजून एकही पटणारी मांडणी सापडलेली नाही.

१५ फेब्रुवारी

आज १८ जानेवारीचाच डाव पुन्हा घेतला. स्टॅक तेच, ब चे ऑल-इन तेच. फक्त बक्षिसांची वाटणी बदलत गेलो.

सगळे बक्षीस पहिल्यालाच असेल तर ४६.७ टक्के, म्हणजे चिप्सचाच हिशेब. ६५-२५-१० अशी वरच्याकडे झुकलेली वाटणी असेल तर ६०.६. ५०-३०-२० ला ७०.६. आणि तिघांनाही सारखे, म्हणजे सॅटेलाइटमध्ये (मोठ्या स्पर्धेची तिकिटे जिंकण्यासाठीच्या टूर्नामेंटमध्ये) तीन तिकिटे असतात तसे, तर ८७.३.

६०.६ वर एक्का-बादशहा कोऱ्या रेंजसमोर कॉल होतो. ७०.६ वर टाकावा लागतो. ८७.३ वर एक्के टाकावे लागतात, कारण कोऱ्या पत्त्यांसमोर त्यांचे ८५.२ आहेत. टूर्नामेंटला बसण्याआधी बक्षिसांची यादी न वाचणारा खेळाडू हा फरक कशावरून ओळखणार? पत्त्यांचे पुस्तकी कोष्टक पाठ असले तरी या एका माहितीशिवाय ते निरुपयोगी आहे, असे मला आता ठामपणे वाटते.

सॅटेलाइटचा एक टोकाचा डाव: तीन तिकिटे, चौघे उरलेत, मी ४,०००, ब ४,०००, क १,५००, ड ५००. ब ने ऑल-इन केले. ब्लाइंड बाजूला ठेवले तर फोल्ड केल्यावर मला तिकीट मिळण्याची शक्यता ९५.८ टक्के. कॉल करून जिंकलो तर १००, हरलो तर शून्य. एक्क्यांची जोडी कोणत्याही एका हातासमोर ९४ टक्क्यांच्या फारशी पुढे जात नाही. म्हणजे ब ने आपले पत्ते उघडे करून दाखवले, अगदी कसलेही पत्ते असले, तरी एक्के टाकायचे. इथे रेंजचा अंदाज, समोरच्याचा स्वभाव, काहीच लागत नाही. आणि ब ने ऑल-इन करणे हीही इथे चूकच आहे, पण त्याच्या चुकीत भागीदार व्हायचे नाही.

२१ फेब्रुवारी

मॉडेलच्या मर्यादा तक्त्याच्या वरच लिहायच्या, खाली बारीक अक्षरात नाही.

आयसीएमला फक्त चिप्स आणि बक्षिसे दिसतात. पुढचा बिग ब्लाइंड कुणावर येतोय ते दिसत नाही. १८ तारखेच्या डावात ड वर दोन डावांनी बिग ब्लाइंड येणार होता, त्याच्याकडे फक्त पाच बिग ब्लाइंड होते. म्हणजे माझा फोल्ड २८.५६ पेक्षा थोडा जास्तच मोलाचा होता. उलट दोन डावांनी माझ्यावरच मोठा ब्लाइंड येणार असता आणि माझा स्टॅक तुटपुंजा असता, तर फोल्डची किंमत आकड्यापेक्षा कमी. हे मोजायला पुढचे काही डाव खेळून पाहणाऱ्या पद्धती आहेत. मी सध्या दोन-तीन टक्क्यांची सूट हाताने देतो आणि तसे लिहून ठेवतो.

सगळे सारखेच चांगले खेळतात, असेही हे मॉडेल धरते. आपण टेबलावर सरस आहोत म्हणून आणखी फोल्ड करावे, असे काही जण सांगतात. मला ते तितकेसे पटत नाही, कारण लहान स्टॅक घेऊन सरसपणा दाखवायला जागाच उरत नाही. म्हणून त्यासाठी वेगळी सूट दिलेली नाही.

बाउंटी टूर्नामेंटमध्ये समोरच्याला बाहेर काढल्याचे बक्षीस लगेच मिळते, त्यामुळे ज्याला आपण बाहेर काढू शकतो त्याच्यासमोर लागणारी टक्केवारी खाली येते. ज्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त चिप्स आहेत त्याला हरवले तरी बाउंटी मिळत नाही, हे बरेच जण गडबडीत विसरतात. त्यासाठी वेगळे पान करतोय.

२८ फेब्रुवारी

तक्ता गटात मांडला. रकाने या क्रमाने: बक्षिसांची वाटणी, किती जण उरलेत, ऑल-इन करणाऱ्याचा स्टॅक माझ्या तुलनेत, माझ्यापेक्षा लहान स्टॅक किती, लागणारी टक्केवारी, आणि मग ढिल्या, मधल्या व घट्ट रेंजसमोर कोणते हात कॉल.

सर्वांत जास्त चर्चा चौथ्या रकान्यावर झाली. माझ्यापेक्षा लहान स्टॅकचे दोघे असताना फोल्ड इतका किमती का, आणि मीच सर्वांत लहान असेन तर काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात होते पण ठळक नव्हते: मी सर्वांत लहान असेन तर थांबून मिळण्यासारखे फार थोडे असते, त्यामुळे लागणारी टक्केवारी उतरते आणि चिप्सच्या हिशेबाजवळ येते. तिथे एक्का-बादशहा टाकणे जवळजवळ कधीच बरोबर नाही. तो रकाना आता दोन भागांत तोडला आहे.

एकाने विचारले की टेबलावर बसल्यावर एवढी आकडेमोड कोण करणार. करायची नाहीच. ती घरी करायची, आणि टेबलावर ऑल-इन ऐकू आले की पत्त्यांकडे पाहण्याआधी समोरच्याच्या आणि लहान स्टॅकवाल्यांच्या चिप्सकडे पाहायचे. ही सवय लागली की आकडे अंदाजे आठवले तरी पुरतात.

पुढच्या टप्प्यात सहा आणि नऊ जणांच्या अंतिम टेबलाच्या मांडण्या भरायच्या आहेत. तिथे क्रमांकांच्या शक्यता हाताने तपासता येत नाहीत, म्हणून आधी दुसऱ्या पद्धतीने, यादृच्छिक क्रम पुष्कळ वेळा काढून, प्रोग्रामची उत्तरे पडताळणार.